मोबाइल-टॅबसाठी कीबोर्ड घेताय? आधी उजवी कड बघा

मोबाइलला किंवा टॅबला जोडायचा कीबोर्ड घेताना बहुतेक जण आधी आकार बघतात, मग वजन, मग किंमत. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं एवढ्यावर भागतं. मराठीत लिहिणाऱ्याचं भागत नाही. पिशवीत मावणारा सुबक कीबोर्ड घरी येतो, जोडला जातो, आणि पहिल्याच परिच्छेदात ‘च्या’ लिहिताना बोटं अडखळतात. हा दोष सवयीचा नसतो. कीबोर्ड लहान करताना कारखान्यात जी बटणं आक्रसली किंवा हलवली जातात, नेमक्या त्याच बटणांवर आपली कितीतरी व्यंजनं बसलेली असतात.

हे नीट कळायला इनस्क्रिप्टची मांडणी डोळ्यांपुढे आणावी लागेल. ही मांडणी १९८६ साली ठरली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. आज संगणकावर सरकारी प्रमाण म्हणून जी मराठी मांडणी मिळते तीच ही. तिचं सूत्र सोपं आहे : डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजीची अक्षरं २६ आणि आपली पन्नासच्या घरात, त्यामुळे उजव्या हाताची व्यंजनं ‘पी’ आणि ‘एल’च्या पलीकडे, विरामचिन्हांच्या बटणांवर सांडतात. ‘;’ वर च आणि शिफ्टसह छ. त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट आणि ठ. ‘[’ वर ड आणि ढ. ‘]’ वर नुक्ता (अक्षराखालचं टिंब), शिफ्टसह ञ. ‘/’ वर य. ‘=’ वर ृ, शिफ्टसह ऋ. ‘\’ वर ॉ, शिफ्टसह ऑ. ‘-’ वर शिफ्टसह विसर्ग. स्वल्पविरामावर शिफ्टसह ष.

आता ‘घराच्या’, ‘त्याच्या’, ‘गावच्या’ यांतला ‘च्या’ घ्या. तो उमटतो चार बटणांनी : ‘;’ (च), ‘डी’ (हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), ‘/’ (य), ‘ई’ (काना). चारातली दोन उजव्या कडेची. मराठीतल्या पानभर मजकुराची कल्पना करा आणि त्यात च, ट, ड, य किती वेळा येतात ते बोटांवर मोजून बघा. इंग्रजी लिहिणाऱ्याला ‘[’ दिवसातून एकदाही लागत नाही, म्हणून उत्पादक ते बटण बिनदिक्कत एफएनखाली, म्हणजे दुसऱ्या बटणासोबत धरायच्या ‘Fn’ या जोडबटणाखाली, ढकलतो. आपल्यासाठी तो ड आहे.

लहान कीबोर्डमध्ये या कडेचं तीन प्रकारे नुकसान होतं आणि तिन्हींची किंमत सारखी नाही. पहिला प्रकार म्हणजे बटण आहे, जागेवर आहे, पण अरुंद आहे. रुंदी १२-१३ मिलिमीटर असेल तर आठवडाभरात हाताला बसतं. त्याहून कमी असेल तर ट दाबताना एंटर दाबलं जातं आणि ओळ तुटते. दुसरा प्रकार म्हणजे बटण वेगळ्या ठिकाणी नेलेलं. अवतरणचिन्हाचं बटण खालच्या रांगेत स्पेसबारशेजारी नेण्याची खोड बऱ्याच सात-आठ इंची टॅबसाठीच्या कीबोर्डांना असते. ट आणि ठ खाली गेले तरी शिकता येतं, पण मग संगणकावरचा कीबोर्ड आणि हा यांत रोज हात बदलावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे बटणच नाही, ते चिन्ह एफएनबरोबर दुसऱ्या बटणावर. इथे ढ काढायला एफएन, शिफ्ट आणि तिसरं बटण एकाच वेळी धरावं लागतं. असा कीबोर्ड इनस्क्रिप्टने लिहिणाऱ्याने घेऊच नये. कितीही हलका असो, कितीही स्वस्त असो.

ऑनलाइन घेताना वस्तूचा वरून काढलेला फोटो मोठा करून ही कड बघा. ‘पी’च्या उजवीकडे दोन कंसांची बटणं आणि ‘\’, ‘एल’च्या उजवीकडे दोन बटणं आणि मग एंटर, ‘एम’च्या उजवीकडे तीन बटणं आणि मग शिफ्ट, आकड्यांच्या रांगेत शून्यानंतर दोन बटणं आणि मग बॅकस्पेस. हा हिशोब जुळला तर पुढचा विचार करा. फोटोत कड कापलेली असेल किंवा एकच तिरका फोटो दिला असेल तर ती वस्तू सोडून द्या.

कडेनंतर शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये मात्रेच्याच बटणावर शिफ्टसह पूर्ण स्वर असतो : ‘ई’ वर ा आणि शिफ्टसह आ, ‘डी’ वर हलन्त आणि शिफ्टसह अ, ‘एफ’ वर ि आणि इ, ‘एस’ वर े आणि ए, ‘जी’ वर ु आणि उ. ही सगळी बटणं डाव्या हाताची, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायची. आणि, आहे, आपण, असं, इथे, एक, उद्या – हा प्रत्येक शब्द उजव्या शिफ्टने सुरू होतो. लहान कीबोर्डवर बाणांची बटणं बसवण्यासाठी उजवी शिफ्ट एका बटणाएवढी करतात, आणि काहींत तर वरचा बाण ‘/’ आणि शिफ्ट यांच्या मधोमध घुसवतात. मग करंगळी शिफ्टऐवजी बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि ‘आहे’ ऐवजी ‘ाहे’ वरच्या वाक्याच्या पोटात जाऊन बसतं. मजकूर लांब असेल तर ही चूक लगेच दिसतही नाही. बाण सगळ्यात खालच्या रांगेत, वर-खालचे अर्ध्या उंचीचे, आणि उजवी शिफ्ट किमान दीड-दोन बटणांएवढी, अशी रचना मराठीसाठी उत्तम.

डावी शिफ्ट ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ, श, ळ या सगळ्यांसाठी लागते. अमेरिकी मांडणीत ती लांब असते. भारतात मिळणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी मांडणीचेच. पण परदेशातून कोणी आणून देणार असेल तर ब्रिटिश किंवा युरोपीय मांडणी टाळायला सांगा. तिथे डाव्या शिफ्टशेजारी एक जादा बटण असतं, त्यामुळे शिफ्ट आखूड होते आणि एंटर उभं असतं. युरोपात, आखातात राहणाऱ्यांनी स्थानिक दुकानातून घेताना हे जरूर बघावं.

उच्चारानुसार रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना उजव्या कडेची फिकीर करायचं कारण नाही. त्यांची अडचण दुसरी आहे, आणि ती कीबोर्डच्या खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते.

पडद्यावरचा मराठी कीबोर्ड हे एक ॲप असतं. त्यात मराठी निवडली की पडद्यावर मराठी अक्षरं दिसतात, दाबली की उमटतात. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डचं तसं नाही. तो फक्त ‘अमुक नंबरचं बटण दाबलं’ एवढाच निरोप पाठवतो. त्या निरोपाचं अक्षर कोणी करायचं याच्या दोन वाटा आहेत. एक, अँड्रॉइडच्या सेटिंगमधली बाहेरच्या कीबोर्डची मांडणी. दोन, पडद्यावरचं कीबोर्ड ॲप, जर त्याच्या कर्त्याने बाहेरची बटणं स्वीकारायची सोय केली असेल तर. तशी सोय नसेल तर पडद्यावर मराठी निवडलेली असूनही बाहेरच्या कीबोर्डवरून इंग्रजीच उमटते. लोक इथे कीबोर्डला दोष देतात आणि परत करतात. दुसरा आणला तरी तेच होतं, कारण दोष कीबोर्डचा नसतोच.

पहिल्या वाटेत एक मर्यादा आहे ती आधी माहीत असलेली बरी. अँड्रॉइडमधली बाहेरच्या कीबोर्डची मांडणी एका साध्या फाइलने ठरते, आणि मांडण्या पुरवणारी ॲप्सही तशीच फाइल देतात. त्या फाइलमध्ये एका बटणाला, किंवा शिफ्टसह त्याच बटणाला, एकच वर्ण देता येतो. संगणकावर इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-५ ला ज्ञ, शिफ्ट-६ ला त्र, शिफ्ट-७ ला क्ष, शिफ्ट-८ ला श्र मिळतो. हे प्रत्यक्षात तीन-तीन वर्ण आहेत, म्हणून फोनवर या वाटेने ते एका बटणात येणार नाहीत. ज्ञ साठी ज, हलन्त, ञ आणि क्ष साठी क, हलन्त, ष असं फोडून लिहायचं. इनस्क्रिप्टचं मूळ तत्त्व हेच आहे, त्यामुळे दोन दिवसांत हात वळतो. मात्र ञ हा शिफ्टसह ‘]’ वर असल्याने पुन्हा उजवी कड आलीच.

टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. महाराष्ट्रात मराठी ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिटाच्या परीक्षा देऊन तयार झालेले हजारो टंकलेखक आहेत आणि त्यांचा वेग हेवा वाटावा असा असतो. पण त्या मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोनांत अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ती अक्षरानंतर साठवली जाते. हा क्रम उलटवायला मध्ये बुद्धी असलेलं ॲप लागतं, साध्या मांडणीच्या फाइलला ते जमत नाही. बाहेरची बटणं स्वीकारून हा क्रम बदलणारं ॲप तुमच्या फोनवर चालतंय याची खात्री झाल्यावरच कीबोर्डसाठी पैसे मोजावेत.

म्हणून नवा कीबोर्ड घेण्याआधी एक चाचणी कराच. खर्च एका ओटीजी जोडणीचा, साधारण शंभर-दोनशे रुपयांचा. घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकाचा साधा यूएसबी वायरचा कीबोर्ड घ्या आणि ओटीजीने फोनला लावा. अँड्रॉइडमध्ये यूएसबी कीबोर्ड जोडायची सोय २०११ च्या ३.१ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. येते ती जोडणीची. ओटीजी म्हणजे एका टोकाला फोनमध्ये जाणारं टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या यूएसबीचं भोक. तिच्या टाइप-सी टोकात ५.१ किलोओहमचा एक रोध असतो, त्यावरून फोनला कळतं की आता आपण यजमान, समोरच्याला वीज आपण द्यायची. चार्जिंगच्या खेळातल्या दिसायला सारख्या जोडण्यांत हा नसतो, किंवा त्या उलट दिशेच्या असतात. त्या लावल्या तर काहीच होत नाही. जुन्या मायक्रो यूएसबी फोनांची ओटीजी वेगळी, तिच्यात चौथी पिन जमिनीला जोडलेली असते.

वनप्लस, ओप्पो, रिअलमी, विवो यांच्या बऱ्याच फोनांत सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ असं शोधून ते हाताने सुरू करावं लागतं. काही वेळ, बहुधा दहा मिनिटं, काही जोडलेलं नसेल तर ते आपोआप बंद होतं. काल चाललेला कीबोर्ड आज का चालत नाही, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

कीबोर्ड ओळखला गेला की वरच्या पट्टीत सूचना येते, ती दाबा. सूचना आली नाही तर सेटिंग, मग सिस्टिम, मग भाषा आणि इनपुट किंवा ‘कीबोर्ड’, मग ‘फिजिकल कीबोर्ड’. सॅमसंगमध्ये हेच ‘जनरल मॅनेजमेंट’खाली सापडतं. तिथे मांडणी निवडा. जुन्या आवृत्त्यांत दोन मांडण्या खुणा करून ठेवल्या की कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबून बदलता येतात. नव्या आवृत्त्यांत प्रत्येक भाषेला तिची मांडणी वेगळी जोडता येते. तिथेच ‘पडद्यावरचा कीबोर्डही दाखवा’ असा एक पर्याय असतो, तो बंद करा. फोनला कीबोर्ड जोडण्याचा निम्मा फायदा या एका खटक्यात आहे : पडद्याचा खालचा अर्धा भाग मोकळा होतो आणि आपण लिहिलेल्या मागच्या आठ-दहा ओळी दिसू लागतात. आयपॅडवर सेटिंगमध्ये जनरल, मग कीबोर्ड, आणि त्यात ‘हार्डवेअर कीबोर्ड’ हा भाग बघा. कीबोर्ड जोडलेला असतानाच तो दिसतो, नाहीतर शोधून सापडत नाही. भाषा बदलायला तिथेही कंट्रोल आणि स्पेस.

आता नोंदवहीचं ॲप उघडा आणि हे वाक्य लिहा :

ज्ञानोबांच्या ऑफिसातल्या डॉक्टरांनी कृष्णाकाठच्या वाऱ्यात दुःख विसरून ढोल, टाळ आणि छोटी घंटा वाजवली.

अर्थ शोधू नका, यात इनस्क्रिप्टची जवळजवळ सगळी उजवी कड आहे. एखादं अक्षर उमटलं नाही तर ते बटण किंवा ती मांडणी कुठे कमी पडते ते तिथल्या तिथे कळेल. दुकानात कीबोर्ड घेतानाही हेच वाक्य वापरता येईल. दुकानदाराचा फोन नको, आपला न्या.

दोन जागा विशेष तपासा. एक, ‘वाऱ्यात’मधला र. वारा-वाऱ्यात, दुसरा-दुसऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड यांना ऱ लागतो, तो शिफ्टसह ‘जे’ वर असतो. ऱ, हलन्त, य असं लिहिलं की चंद्रकोरीसारखा र मिळतो. साध्या ‘र’ने लिहिलं तर ‘वार्यात’ होतं. हिंदीचा विचार करून बनवलेल्या काही मांडण्यांत ऱ गाळलेला असतो. दुसरी जागा म्हणजे ॲ, तो वरच्या वाक्यात नाही, वेगळा टाइप करून बघा. ॲप, ॲडमिशन, ॲसिड यांतला हा मराठी वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. हिंदी मांडण्या त्याऐवजी ऍ देतात. मग लोक अ आणि ॅ जोडून काम भागवतात. डोळ्यांना ते ॲ सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते दोन वर्ण आहेत. त्यामुळे आपल्याच लेखात ‘ॲप’ शोधलं तर सापडत नाही. लेख छापायला किंवा संकेतस्थळावर द्यायचे असतील तर ॲ आणि ऱ दोन्ही देणारी मांडणीच धरावी.

या चाचणीत मराठी नीट उमटली की मगच कोणता कीबोर्ड, तारेचा की बिनतारी, हा प्रश्न घ्या.

खरं तर टेबलावर बसून लिहिणाऱ्याला तारेचा साधा कीबोर्ड आणि ओटीजी यापलीकडे काही लागत नाही. हजार रुपयांच्या आत पूर्ण आकाराची बटणं, पूर्ण उजवी कड, दोन्ही लांब शिफ्ट. बॅटरी नाही, जोडणी तुटणं नाही, पहिलं अक्षर गळणं नाही. दोन गोष्टी सांभाळा. दिव्यांची रोषणाई असलेले कीबोर्ड फोनची वीज खातात, आणि काही फोन तेवढी वीज द्यायला नकार देतात. मग कीबोर्ड एकदा चमकून बंद पडतो. शिवाय साध्या ओटीजीने कीबोर्ड चालू असताना फोन चार्ज होत नाही. तासन्‌तास लिहायचं असेल तर चार्जरचं टाइप-सी वेगळं घेणारा, पीडी लिहिलेला छोटा हब घ्यावा. २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर असलेले बिनतारी कीबोर्डही असेच ओटीजीने चालतात, आणि त्यांची फोनशी वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. फोनच्या दृष्टीने तो यूएसबी कीबोर्डच असतो.

ब्लूटूथचा मुख्य लाभ फिरतीवर. त्याचा त्रास कुठे होतो ते सांगते. दहा-पंधरा मिनिटं हात लावला नाही की तो झोपतो. जागा व्हायला एक-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात दाबलेली अक्षरं हरवतात. लिहायला बसताना शिफ्ट एकदा दाबून थांबा, मग सुरुवात करा. कधी कधी बटण सोडल्याचा निरोप वाटेत हरवतो. मग फोनला वाटतं की बटण अजून दाबलेलंच आहे, आणि ठिपक्यांच्या गोलांवर मात्रांची रांग पडद्यावर धावत सुटते. दुसरं कोणतंही बटण दाबलं की ती थांबते. हे वारंवार होत असेल तर आधी कीबोर्डची बॅटरी बघा, मग त्याच वेळी जोडलेले ब्लूटूथ इअरफोन बंद करून बघा, आणि फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर ५ वर न्या, कारण ब्लूटूथही २.४ मध्येच चालतं. जुना टॅब असेल तर आणखी एक अट : कमी विजेवर चालणाऱ्या नव्या प्रकारच्या ब्लूटूथ कीबोर्डांची सोय अँड्रॉइडमध्ये ४.४ पासून, म्हणजे २०१३ अखेरीपासून आहे. त्याआधीच्या यंत्रात कीबोर्ड यादीत दिसेल किंवा दिसणारही नाही, पण जोडला जाणार नाही.

जोडणी करताना पडद्यावर सहा आकडे आले तर ते फोनवर नाही, नव्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचं असतं. कीबोर्ड जोडला जातो पण कंट्रोल-सी चालत नाही, किंवा भाषेचं बटण भलतंच काही करतं, असं झालं तर तो दुसऱ्या प्रणालीच्या अवस्थेत आहे. एफएनबरोबर कोणतं तरी अक्षर धरून ती अवस्था बदलते. लॉजिटेकच्या के३८० मध्ये एफएन आणि ‘पी’ तीन सेकंद धरलं की अँड्रॉइड-विंडोज, ‘आय’ धरलं की आयफोन-आयपॅड, ‘ओ’ धरलं की मॅक. इतरांत ही जोडी वेगळी असते, सोबतच्या चिठ्ठीत बघा आणि ती चिठ्ठी फेकू नका.

के३८० चं नाव निघालंच आहे तर त्याच्याबद्दल सांगावं असं बरंच आहे, कारण मराठीच्या कसोटीवर तो चांगला उतरतो. रुंदी २७९ मिलिमीटर, वजन ४२३ ग्रॅम, दोन ट्रिपल ए सेल, तीन यंत्रांशी जोडून एका बटणाने बदल. कंस, ‘;’, अवतरण, ‘/’, ‘\’ सगळं जागेवर आहे, बाण तळाच्या रांगेत आहेत, उजवी शिफ्ट लांब आहे. त्याची बटणं गोल असल्यामुळे मराठी अक्षरांचे चौकोनी स्टिकर मात्र नीट बसत नाहीत. ज्यांना बघून टाइप करावं लागतं त्यांनी चौकोनी बटणांचा कीबोर्ड घ्यावा. त्याच कंपनीच्या के४८० मध्ये फोन-टॅब उभा करायची खाच आहे, पण वजन ८२० ग्रॅम आहे. घरात एका जागी ठेवायचा असेल तरच तो घ्यावा, रोज खांद्यावर नको.

स्टिकर घेताना फसगत होते, कारण इनस्क्रिप्ट आणि टाइपरायटर अशा दोन्ही मांडण्यांचे स्टिकर ‘देवनागरी’ किंवा ‘हिंदी’ याच नावाने विकले जातात. ‘के’च्या स्टिकरवर क असेल तर इनस्क्रिप्ट. ‘डी’च्या स्टिकरवर क असेल तर तो हिंदी टाइपरायटरचा.

आकाराचं माप इंचांत सांगितलं जातं ते फसवं असतं, कारण ते सगळ्या कीबोर्डचं असतं. बोटांना कळतं ते दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर. मोजायची सोपी रीत : ‘क्यू’च्या डाव्या कडेपासून ‘पी’च्या डाव्या कडेपर्यंत पट्टी लावा आणि ९ ने भागा. १७१ मिलिमीटर आले तर अंतर १९, हा संगणकाचा पूर्ण आकार. १५३ आले तर १७, यावर न बघता लिहिता येतं, थोडा सराव लागतो. १४४ म्हणजे १६, ही माझ्या मते शेवटची पायरी. त्याखाली दोन हातांनी लिहिण्याचा वेग पडतो आणि मनगटं आत वळून दुखू लागतात.

घडीचे कीबोर्ड दोन प्रकारचे. मधोमध एकदाच दुमडणाऱ्यात स्पेसबार दोन तुकड्यांत असतो आणि बिजागरीची फट ‘जी’ आणि ‘एच’च्या मधून जाते. उ आणि प यांच्यामध्ये बोटभर अंतर पडतं एवढंच, ते अंगवळणी पडतं. तीन घड्यांच्यात बाहेरच्या दोन पट्ट्या अरुंद असतात, आणि उजव्या पट्टीवर आपली ती कड येते. पट्टी मांडीवर वाकते, ट-ठ दाबताना डुगडुगते. टेबल असेल तरच चालतो. उघडल्यावर पक्का अडकून बसतो का ते मधोमध दाबून बघा.

टॅबबरोबर मिळणारे, चुंबकाने चिकटून पिनांवर चालणारे कव्हर-कीबोर्ड वापरायला सगळ्यात सुखाचे. बॅटरी नाही, जोडणी नाही, उघडलं की सुरू. पण तो त्या एका टॅबचाच. तीन वर्षांनी टॅब बदलला की महागडा कीबोर्ड कपाटात जातो. लेखनासाठी टॅब किमान चार-पाच वर्षं वापरायचा ठरवला असेल तर हा खर्च रास्त, नाहीतर नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात : आत बसवलेल्या लिथियम बॅटरीचा कीबोर्ड महिनोन्‌महिने पडून राहिला तर ती पूर्ण उतरते आणि पुन्हा उठत नाही. दोन महिन्यांतून एकदा चार्ज करा. कीबोर्डचा मधला भाग फुगलेला, बटणं वर आलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा आणि वापर बंद करा. सेलवाला असेल तर पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, न वापरताना सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने पत्र्यांना हिरवा गंज चढतो. तो हलका असेल तर व्हिनेगरचा बोळा फिरवून, पुसून, पूर्ण वाळवून निघतो. रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असल्याने कीबोर्ड लवकर ‘बॅटरी कमी’ सांगतो, घाबरू नका. स्वस्त टाइप-सी कीबोर्ड काही वेळा दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या वायरने चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्यातही तो ५.१ किलोओहमचा रोध गाळलेला असतो. मोठ्या यूएसबीची वायर लावली की होतात. आणि टाइप-सी भोक आहे म्हणजे वायर लावून टाइप करता येईल असं धरू नका, अनेकांत ते फक्त चार्जिंगसाठी असतं.

बिनतारी कीबोर्डना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. कीबोर्डच्या पाठीवर किंवा खोक्यावर ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बघून घ्या.

बॅकस्पेसच्या वरच्या कोपऱ्यात बघा. फोनसाठीच्या पुष्कळ कीबोर्डांत डिलीटच्या जागी पडदा बंद करणारं कुलपाचं बटण असतं, आणि खोडायला गेलेलं बोट दर पानाला एकदा तरी फोन बंद करतं. गप्पांच्या ॲपमध्ये एंटर दाबलं की अर्धवट निरोप निघून जातो. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये ‘एंटरने पाठवा’ आहे का ते बघून बंद करा.

फोन उभा करायला स्टँड लागेलच. हातात धरलेला फोन डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो, कीबोर्डपलीकडे ठेवला की हातभर दूर जातो. जोडाक्षरांमधला ष्ट आणि ष्ठ यांतला फरक तिथून दिसत नाही, म्हणून लेखनाच्या ॲपमध्ये अक्षर दोन पायऱ्या मोठं करा आणि फोन आडवा ठेवण्याऐवजी उभाच ठेवा. आडव्या फोनवर ओळी लांब होतात आणि चार-पाचच मावतात. उभ्यावर पूर्ण परिच्छेद नजरेत राहतो.